ओटीच्या औषध-कपाटाला इलेक्ट्रॉनिक लॉक : एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

नागपूरच्या धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलची फार्मसी मी सांभाळते. ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, लागून असलेल्या ज्या कपाटात मॉर्फिन आणि फेंटानिल ही सवय लावू शकणारी तीव्र वेदनाशामकं राहतात, त्याला मार्चपासून इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. मुद्द्याचं आधी सांगते. पैसे वसूल झाले ते कपाट कोणी, कधी उघडलं याच्या नोंदींमुळे, लॉकच्या मजबुतीमुळे नाही. नुसती चाबीची कटकट नको असेल, तर एवढा खर्च करू नका.

ही औषधं १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना ती मिळणं सोपं झालं, पण एकेका अँप्यूलचा (इंजेक्शनच्या काचेच्या कुपीचा) हिशोब ठेवणं टळत नाही. आमच्याकडे चाबी ड्यूटीवरच्या इन्चार्ज सिस्टरच्या खिशात असायची आणि शिफ्ट बदलताना हातोहात द्यायची. एकदा रात्रपाळी संपवून एक सिस्टर कामठीला घरी पोचल्या आणि चाबी खिशातच राहिली. ते निभावलं जातं. मोजणीत एखादं अँप्यूल कमी आलं की मात्र निभावत नाही. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागतात, आणि संशय नेहमी सगळ्यात नव्या, सगळ्यात कमी पगाराच्या मुलीवर जातो. मला हे फार लागायचं.

पावसाळ्यात रात्री एक इमर्जन्सी सिझेरियन झालं. सकाळच्या मोजणीत फेंटानिलचं एक अँप्यूल कमी. लॉकची नोंद काढली : पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी भूलतज्ज्ञांच्या कार्डाने कपाट उघडलं, मिनिटभरात बंद झालं. डॉक्टरांना फोन केला. केसपेपरवर डोस लिहिलेला होता, आमच्या रजिस्टरात तेवढी एक ओळ राहिली होती. राऊंड सुरू व्हायच्या आत हिशोब जुळला आणि कोणत्याही सिस्टरला कोणी काही विचारलं नाही. एवढ्यासाठीच हे लॉक मला हवं होतं.

पण ही नोंद खरी ठरायला काही गोष्टी लागतात आणि विकणारा त्या आपणहून सांगत नाही. पहिली म्हणजे दाराचा सेन्सर. स्वस्त लॉकमध्ये फक्त 'कार्ड लागलं' एवढंच नोंदतं. दार खरंच उघडलं का, परत लागलं का, त्याला ठाऊक नसतं. आमच्या कपाटाच्या चौकटीत चुंबकावर चालणारा रीड स्विच आहे. दार अर्धवट राहिलं की तीस सेकंदांनी बझर वाजतो. सुरुवातीला ओटीतले सगळे वैतागले, आता हात आपोआप दार लोटतो.

दुसरं घड्याळ. लॉकमधलं साधं घड्याळ महिन्याला मिनिटभर सहज पुढेमागे होतं. वर्षाअखेर नोंद आणि ओटी रजिस्टर यांच्यात दहा-बारा मिनिटांचा फरक पडला, तर त्या नोंदीला कोण विचारतो? दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही लॉकची वेळ जुळवतो.

बोटाच्या ठशाचं मॉडेलही ट्रायलला लावलं होतं. दिवसभर सॅनिटायझर लावून सिस्टर लोकांची बोटं कोरडी, सालं निघालेली; वरून ग्लोव्हज. वॉर्डातले मामा दोनतीनदा बोट ठेवून म्हणाले, "काहून उघडून नाही राहिलं हो मॅडम?" ओटीत तेवढा वेळ नसतो. शिवाय पिन बदलता येतो, बोट बदलता येत नाही, म्हणून सगळ्यांचे ठसे साठवून ठेवायची जबाबदारी मला नकोच होती. आम्ही कार्ड अधिक पिन घेतलं. कार्ड कोणतं, हे मात्र विचाराच. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं बाजारात मिळणाऱ्या छोट्या यंत्राने कॉपी होतात, आणि मायफेअर क्लासिक नावाच्या कार्डाचं कूट (गुप्त सांकेतिक पद्धत) तर २००८ सालीच फुटलं. डेसफायर जातीचं, एईएस हे मजबूत कूट वापरणारं कार्ड थोडं महाग पडतं, पण या कपाटाला तेच हवं.

लाईट गेली की काय, हा सगळ्यांचा प्रश्न. दाराला बसवायचे काही लॉक वीज जाताच उघडे पडतात. आगीत माणसं बाहेर निघावीत म्हणून ते बरोबर आहे. औषधाच्या कपाटाला उलटं हवं : वीज गेली तरी बंद, आणि बॅटरीवर कार्ड चालू. आमच्यात चार पेन्सिल सेल लागतात. अल्कलाईनच घाला. नेहमीचे रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे भरलेले असले तरी 'बॅटरी कमी'चा दिवा लागतो. सेल पार उतरले तर बाहेरच्या दोन टोकांना ९ व्होल्टची बॅटरी टेकवून उघडता येतं. ती एक बॅटरी ओटीच्या ड्रॉवरमध्ये कायम आहे.

मास्टर चाबी सीलबंद पाकिटात, दोघांच्या सहीने, अ‍ॅडमिनच्या तिजोरीत ठेवलीय. ती टेबलाच्या खणात पडली असेल तर वरची सगळी व्यवस्था पाण्यात, कारण चाबीने उघडलेलं आमच्या लॉकच्या नोंदीत येत नाही. बसवणाऱ्याने दिलेला अ‍ॅडमिन कोडही त्याच दिवशी बदला. कोणी नोकरी सोडली की कार्ड शेवटच्या ड्यूटीलाच बंद करतो. नर्सिंगमध्ये माणसं बदलतात फार.

सर्व्हिसचं समाधान नाही. इंजिनिअर बाहेरगावाहून येतो, पावसाळ्यात कीपॅडचं एक बटण अडकलं तेव्हा खूप ताटकळत ठेवलं. घेतानाच एक कीपॅड जास्तीचा मागून घ्या.

आणि किती अँप्यूल काढले, हे कोणतंच लॉक सांगत नाही. म्हणून रजिस्टर, रिकाम्या अँप्यूल परत घेणं आणि शिफ्टला दोघांनी मिळून मोजणं आम्ही तसंच ठेवलंय. आयसीयूच्या कपाटाला पुढच्या महिन्यात हेच बसतंय, फक्त तिथे दोन वेगळी कार्डं लागल्याशिवाय दार उघडणार नाही अशी सेटिंग मागितली आहे. रात्रपाळीला तिथे दोन सिस्टर असतातच.