ई-बेवरची जुनी फॅन्टसी पुस्तकं: टायटल सोडा, कॉपीराइट पान बघा

फॅन्टसीची जुनी हार्डकव्हर पुस्तकं मी बरीच वर्षं ई-बेवर लिलावात घेतोय आणि मला ती जागा मनापासून आवडते, त्यामुळे हा रिव्ह्यू साइटचा कमी आणि तिथल्या लिस्टिंगचा, म्हणजे विक्रेत्यांनी टाकलेल्या विक्रीच्या जाहिरातींचा जास्त आहे. एकाच पुस्तकाच्या दोन लिस्टिंग शेजारीशेजारी असतात, एकात पंधरा फोटो, प्रत्येक डाग जवळून दाखवलेला, आणि दुसऱ्यात कव्हरचा एक अंधुक फोटो आणि खाली 'रेअर फर्स्ट एडिशन' एवढंच, आणि किंमत मात्र दुसऱ्याचीच जास्त. माझा नियम साधा आहे, कॉपीराइट पानाचा (सुरुवातीचं, प्रकाशनाचे तपशील असलेलं पान) वाचता येईल असा फोटो नसेल तर बोली लावायची नाही. आधी मेसेज करून मागायचा, दिला तर पुढे जायचं, 'टायटलमध्ये लिहिलंय ना' असं उत्तर आलं तर सोडून द्यायचं.

आवृत्ती वेगळी आणि छपाई वेगळी, सगळा घोळ इथेच होतो. मजकूर बदलला की नवी आवृत्ती, तोच मजकूर पुन्हा छापला की नवी छपाई. टॉल्किनचं 'द हॉबिट' घ्या. २१ सप्टेंबर १९३७ ला जॉर्ज अ‍ॅलन अँड अनविनने काढलं, पहिल्या छपाईच्या प्रती १५०० आणि त्या डिसेंबरपर्यंत संपल्या. नंतरच्या छपायांमध्येही 'पहिल्यांदा प्रकाशित १९३७' ही ओळ असतेच, तिच्या खाली दुसरी छपाई, तिसरी छपाई अशी यादी वाढत जाते. आता फोटोत फक्त वरची ओळ दिसत असेल आणि खालचा भाग कापलेला असेल तर तुम्हीच समजा. १९५१ ला तर दुसरी आवृत्ती आली, त्यात कोड्यांचं अख्खं प्रकरण बदललं, तरी १९३७ हा आकडा पानावर आहेच.

त्याच्याच 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सेटचं अजून अवघड. तीन भाग एकदम आलेच नाहीत, पहिले दोन १९५४ ला आणि तिसरा ऑक्टोबर १९५५ ला, आणि पहिल्या भागाच्या पुन्हा छपाया लवकर झाल्या. त्यामुळे 'फर्स्ट एडिशन सेट' म्हणून जे विकायला येतं त्यात बऱ्याचदा तिन्ही भाग वेगवेगळ्या छपाईचे असतात. त्यात वाईट काही नाही, वाचायला आणि कपाटात ठेवायला छानच सेट असतो, पण तीन पुस्तकांची तीन कॉपीराइट पानं दाखवली पाहिजेत आणि कुठल्या भागाची कितवी छपाई ते स्पष्ट लिहिलं पाहिजे. असं लिहिणारे विक्रेते आहेत आणि मी त्यांच्याकडेच परत परत जातो.

नंतरच्या काळातल्या पुस्तकांना नंबर लाइन, म्हणजे कॉपीराइट पानावर आकड्यांची एक ओळ असते, त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे छपाई. १९९७ चं पहिलं 'हॅरी पॉटर', ब्लूम्सबरीचं हार्डकव्हर, ५०० प्रती. त्यात दहापासून एकपर्यंत पूर्ण ओळ हवी, कॉपीराइट जोआन रोलिंग या नावावर हवा, आणि पान ५३ वरच्या शाळेच्या सामानाच्या यादीत जादूची कांडी दोनदा आलेली हवी. सगळ्यांना ती कांडीची चूक तेवढी पाठ असते आणि लिस्टिंगमध्येही तेवढाच फोटो असतो, पण ती चूक पेपरबॅकच्या पहिल्या छपाईतही आहे, म्हणून एकट्या तिच्यावर पैसे लावू नका, बाकी पानंही मागा. आणि या पुस्तकाच्या बाबतीत लायब्ररीचा शिक्का बघून लगेच नाक मुरडू नका, त्या ५०० पैकी बऱ्याच प्रती लायब्ररींनाच गेल्या होत्या. हां, नंबर लाइनच्या नियमाला अमेरिकेच्या रँडम हाउसची बरीच जुनी पुस्तकं अपवाद आहेत, तिथे 'फर्स्ट एडिशन' छापलेलं आणि नंबर लाइन २ पासून सुरू, तरी ती पहिलीच छपाई. हे माहीत नसलेला विक्रेता कधीकधी चांगली प्रत स्वस्तात सोडून देतो 🙂

आता जॅकेट, म्हणजे हार्डकव्हरवरचं सुटं कागदी वेष्टन. जुन्या पुस्तकात किमतीचा मोठा वाटा या कागदाचा असतो, म्हणून आतल्या घडीचा, म्हणजे फ्लॅपचा फोटो हवाच. छापील किंमत आहे का, कोपरा कापलाय का? कापलेला असेल तर 'प्राइस क्लिप्ड' असं लिहायला हवं. काही लोक नवीन छापलेलं जॅकेट जुन्या पुस्तकावर चढवून विकतात, लिस्टिंगमध्ये 'फॅक्सिमिली' (हुबेहूब नक्कल) शब्द असेल तर प्रामाणिक आहे, नसेल आणि ऐंशी वर्षांचं जॅकेट एकदम कोरं चकचकीत दिसत असेल तर कडा जवळून दाखवा म्हणायचं.

अमेरिकन पुस्तकात बुक क्लबची प्रत, म्हणजे क्लबच्या सभासदांसाठी वेगळी छापलेली प्रत, ओळखता आलीच पाहिजे. सायन्स फिक्शन बुक क्लबच्या प्रतीत फ्लॅपवर किंमत नसते, कागद हलका, आणि बऱ्याच प्रतींत शेवटच्या पानांच्या आतल्या शिवणीजवळ एक छोटा कोड छापलेला असतो. वाचायला झकास, दहा-पंधरा डॉलरला जरूर घ्या, पण पहिल्या आवृत्तीचे पैसे देऊ नका.

सहीच्या पुस्तकांबाबत मी फार कडक आहे. सोबतचं सर्टिफिकेट कोणीही घरी छापू शकतं. सही पुस्तकाच्याच पानावर आहे, चिकटवलेल्या कागदावर आहे की नंतर जोडलेल्या पानावर, हे लिहिलेलं हवं आणि विक्रेत्याला ती कुठून मिळाली ते सांगता यायला हवं.

किंमत ठरवताना मागितलेले आकडे बघूच नका, सोल्डचा, म्हणजे विकून झालेल्या वस्तू दाखवणारा फिल्टर लावा. साइटचं हे फीचर मला सगळ्यात जास्त आवडतं, पाच स्टार. फक्त विक्रेत्याने खरेदीदाराची कमी किमतीची ऑफर स्वीकारलेली असेल तर तिथे खोडलेला आकडा ही मूळ मागणी असते, खरी विक्री त्याच्याखाली झालेली असते. वर्णनासारखं पुस्तक आलं नाही तर ३० दिवसांत तक्रार करता येते हेही चांगलं आहे, म्हणूनच लिस्टिंगचे फोटो आणि वर्णन बोली लावायच्या आधी सेव्ह करून ठेवायचे.

वाईट अनुभव आहे तो पॅकिंगचा. एका विक्रेत्याने साठ वर्षांचं पुस्तक नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत पाठवलं, चारही कोपरे चेपले. पुस्तक भारतात मागवत असाल तर पुठ्ठा आणि खोका वापरणार का हे आधी लेखी विचारा, जूनमध्ये मुंबईत येणार असेल तर आत वॉटरप्रूफ गुंडाळणीही मागा. दोन-तीन पाउंड जास्त मागितले तर आनंदाने द्या.

बोलीचं म्हणाल तर आपला जास्तीत जास्त आकडा शांतपणे ठरवून शेवटच्या मिनिटात एकदाच टाकायचा, साइट समोरच्याच्या वर लागेल तेवढीच बोली आपोआप वाढवते. दोन दिवस आधीपासून थोडं थोडं वाढवत बसलात तर किंमत वर नेण्याचं काम तुम्हीच करताय.