केसीसॅन: कर्नलमधील डेटा रेस शोधणारे साधन, वापरून पाहिल्यानंतर

मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी मी तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा कोड) लिहून दिला होता. तो चार-पाच दिवसांतून एकदा नव्या वेळेपुढे जुनाच आकडा दाखवू लागला. शोध घेण्यासाठी कोडमध्ये प्रिंटके (कर्नलमधून संदेश छापणाऱ्या ओळी) घातले की दोष गायब होत असे आणि काढले की पुन्हा हजर. लॉकडेप हे तपासणीचे साधन 2006 पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, असले, तरी ते लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) घेण्याचा क्रम तपासते. मापे साठवणाऱ्या माझ्या रिंग बफरमध्ये (गोल फिरणाऱ्या रांगेत) लॉकच नव्हते, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणून 2020 मध्ये लिनक्स 5.8 सोबत आलेले केसीसॅन लावून पाहिले. ते डेटा रेस शोधते, म्हणजे दोन धागे समन्वयाशिवाय एकाच वेळी मेमरीच्या एकाच जागी येतात आणि त्यांतला निदान एक लिहीत असतो, असे प्रसंग.

कंपायलर मेमरीच्या प्रत्येक वापरापाशी केसीसॅनची तपासणी पेरतो, म्हणून संपूर्ण कर्नल नव्याने कंपाइल करावा लागतो (रत्नागिरीच्या जुलैत, इन्व्हर्टरच्या भरवशावर, हे काम धीराचे आहे). चालू झाल्यावर ते मूळ मांडणीत दर काही हजार वापरांपैकी एकावर पहारा बसवते, सामान्य टास्कमध्ये 80 आणि इंटरप्टमध्ये 20 मायक्रोसेकंद तिथेच थांबते आणि तेवढ्यात दुसरा कोर त्याच जागी आला की दोघांनाही पकडते. बोर्डावरचा कर्नल जुना असल्याने आणि बोर्डावरच्या एआरएम 64 प्रोसेसरसाठी केसीसॅनची सोय लिनक्स 5.17 पासूनच असल्याने मी एक्स 86 लॅपटॉपवर क्यूएमू या आभासी यंत्रात चार कोर दिले आणि सेन्सरच्या इंटरप्टऐवजी टायमर जोडला.

वीस मिनिटांत अहवाल आला. एकीकडे टायमरमधून ‘हेड’ या, बफरमधले ताजे माप कुठे आहे ते सांगणाऱ्या, निर्देशांकात चार बाइट लिहिणे, दुसरीकडे रीड फंक्शनमधून तेच चार बाइट वाचणे, दोन्हींचे कोर क्रमांक, दोन्हींचे स्टॅक आणि बदललेले मूल्यही. इतका नेमका अहवाल देणारे साधन मी यापूर्वी वापरलेले नाही.

मात्र याच ठिकाणी मी फसलो. ‘हेड’ला राइट वन्स आणि रीड वन्स ही कर्नलची मॅक्रो लावताच केसीसॅन शांत झाले आणि मी ड्रायव्हर बोर्डावर चढवला, आठवड्याच्या आतच कारखान्यातून तोच जुना आकडा दिसल्याचा फोन आला. ही दोन्ही मॅक्रो कंपायलरला आवरतात, प्रोसेसरला क्रम पाळायला लावत नाहीत. एआरएमवर ‘हेड’ आधी आणि माप नंतर पोहोचू शकते, तर एक्स 86 वर लिहिण्यांचा हा क्रम उलटत नाही, त्यामुळे क्यूएमूत तो दोष दिसणे शक्यच नव्हते. असा उलटलेला क्रम पकडणारी, लिनक्स 5.17 मध्ये आलेली कमकुवत मेमरीची तपासणी केसीसॅनच्या कडक (स्ट्रिक्ट) मोडमध्येच चालते आणि तो मोड मूळ मांडणीत बंद असतो. दस्तऐवज नीट न वाचल्याचा हा दोष माझाच.

अखेर निकाल लागला तो कर्नलच्या मेमरी मॉडेलवर, म्हणजे मेमरीच्या वापरांचा कोणता क्रम शक्य आहे हे सांगणाऱ्या नियमांवर. हे मॉडेल 2018 पासून कर्नलच्या स्रोतातच आहे. दोन धाग्यांची दहा-बारा ओळींची लिटमस चाचणी (एकच प्रश्न विचारणारा छोटा प्रोग्राम) या मॉडेलवर ती तपासणाऱ्या हर्ड 7 या साधनाला दिली: नवा ‘हेड’ दिसूनही जुने माप वाचले जाऊ शकते का? उत्तर आले, ‘समटाइम्स’. लिहिताना स्टोअर रिलीज आणि वाचताना लोड अक्वायर, म्हणजे प्रोसेसरलाही क्रम पाळायला लावणारी जोडी, घातल्यावर ते ‘नेव्हर’ झाले. हर्ड त्या छोट्या चाचणीच्या सर्व शक्यता तपासते, म्हणून तेवढ्यापुरता तो पुरावा आहे. केसीसॅन फक्त प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांतले काही पकडते. मात्र खऱ्या ड्रायव्हरमधला क्रम चाचणीत जसाच्या तसा उतरवणे माणसाच्याच हाती राहते, आणि संपूर्ण ड्रायव्हर हर्डच्या आवाक्याबाहेर आहे.

केसीसॅनला पाचपैकी चार गुण. एक गुण कडक मोड मूळ मांडणीत बंद ठेवल्याबद्दल कापला, कारण नवख्याला शांत पडदा दिसला की तो माझ्यासारखाच फाईल बंद करून मोकळा होतो. केसीसॅनचा कर्नल फारच संथ चालतो, तेव्हा तो कारखान्यातल्या बोर्डावर कायम ठेवू नये. चाचणीच्या यंत्रावर, कडक मोड चालू करून आणि रात्रभर भार देऊन चालवावा.