पत्ता खरा होता, दुसऱ्याचा होता

मला फसवणाऱ्याने कंपनी मात्र खरी काढून दिली. हा अनुभव सांगितला की पहिला प्रश्न येतो, ‘सर्टिफिकेट बनावट होतं का?’ नव्हतं. कंपनी क्रमांक खरा, ब्रिटनमध्ये कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या कंपनीज हाउस या सरकारी कार्यालयाच्या नोंदवहीत डायरेक्टर म्हणून माझं नाव खरं, नोंदणीची तारीखही खरी. किडकी होती ती एकच ओळ, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्याची. आणि नेमकी तीच मी नीट वाचली नव्हती.

मी सॉफ्टवेअरची कामं घेतो. गिऱ्हाइकं बरीचशी इंग्लंडमधली. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यातल्या एकाने सुचवलं की तुमची तिथली लिमिटेड कंपनी असेल तर आमच्या खरेदी विभागाला करार करणं सोपं जाईल. डायरेक्टर ब्रिटनमध्ये राहणाराच हवा अशी अट तिथे नाही. अट आहे ती पत्त्याची. इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदवलेल्या कंपनीचा पत्ता तिथलाच लागतो, स्कॉटलंडमधल्या कंपनीचा स्कॉटलंडमधला. माझं तिथे काहीच नव्हतं. एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून एक ‘कन्सल्टंट’ मिळाला. नोंदणी, वर्षभरासाठी लंडनचा पत्ता, आलेलं टपाल स्कॅन करून पाठवणं, सगळं मिळून १८० पौंड. ऑनलाइन नोंदणीची सरकारी फी तेव्हा ५० पौंड होती, त्यामुळे आकडा काही अवाच्या सवा वाटला नाही.

त्याने पासपोर्ट मागितला नाही. घराच्या पत्त्याचा पुरावा मागितला नाही. मी नाव, जन्मतारीख आणि पैसे पाठवले, दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट हातात. किती सुटसुटीत काम, असं म्हणत मी दोन मित्रांना त्याचा नंबरही दिला. (त्यांनी काही केलं नाही, हे माझं नशीब.) आज वाटतं, धोक्याची घंटा तिथेच वाजत होती आणि मला ती सनई वाटली. ब्रिटनमध्ये दुसऱ्यांच्या कंपन्यांना पत्ता पुरवणं हा धंदा २०१७ च्या मनी लाँडरिंगविरोधी नियमांखाली येतो. ग्राहक कोण आहे हे तपासणं त्या माणसाला बंधनकारक असतं. जो तपासतच नाही, तो स्वतःच नियमाबाहेर बसलेला असतो.

गिऱ्हाइकांचे पैसे जिच्यामार्फत घ्यायचे त्या पेमेंट कंपनीने ऑक्टोबरमध्ये यूटीआर मागितला. आपल्याकडे यूटीआर म्हणजे बँक व्यवहाराचा नंबर, म्हणून मी मुकाट्याने एका ट्रान्सफरचा नंबर पाठवून दिला. उलट टपाली विचारणा आली, हे काय आहे? तिथे यूटीआर म्हणजे एचएमआरसी या कर खात्याने कंपनीला दिलेला दहा आकडी क्रमांक. तो ईमेलने येत नाही. कागदावर छापून, पाकिटात घालून, नोंदणीकृत पत्त्यावर टपालाने येतो. ऑनलाइन कागदपत्रं भरायला लागणारा ऑथेंटिकेशन कोडही मागवला तर सहसा तिथेच येतो. तोवर मला हा पत्ता म्हणजे लेटरहेडवर छापायची एक ओळ वाटत होती. सरकारला कंपनीशी जे बोलायचं ते त्या दारातून बोलतं, हे मला तेव्हा कळलं.

कन्सल्टंट म्हणाला, ‘सर, तिकडे पोस्ट स्लो आहे.’ मग म्हणाला, ख्रिसमसची गर्दी आहे. ऑक्टोबरमध्ये. मी कोड नव्याने मागवला आणि पंधरा दिवस वाट पाहिली. शेवटी लंडनच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मावसबहिणीला म्हटलं, एखाद्या रविवारी त्या पत्त्यावर जाऊन ये.

तिने फुटपाथवरूनच फोन लावला. ‘दादा, हे ऑफिस नाहीये रे. कुणाचं तरी घर आहे. खिडकीत मांजर बसलंय.’

दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. माझ्या कंपनीचं नाव ऐकताच त्या आत गेल्या आणि रबरबँड लावलेला पाकिटांचा गठ्ठा घेऊन आल्या. निरनिराळ्या कंपन्यांची नावं, पत्ता सगळ्यांवर त्यांच्याच घराचा. काहींवर त्यांनी निळ्या पेनाने ‘इथे राहत नाहीत, परत पाठवा’ असं लिहून ठेवलं होतं. त्यात माझ्या नावाची तीन होती, एक एचएमआरसीचं आणि दोन कंपनीज हाउसची. बहिणीने मागितली. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही त्यांच्याच कशावरून? दुसऱ्याचं टपाल मी तुमच्या हातात कसं देऊ?’ अगदी बरोबर होतं त्यांचं. अशी विचारपूस करत आलेली माझी बहीण चौथी होती. कुणाच्या तरी थकबाकीपोटी वसुलीवाले आपल्या दारात येऊन उभे राहतील, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. आपल्या घराचा पत्ता परस्पर वापरला जातोय अशी तक्रार त्यांनी कंपनीज हाउसकडे केली होती. त्यासाठी आरपी ०७ नावाचा फॉर्म असतो.

मी त्या रात्री चरफडत होतो, पण कन्सल्टंटवर कमी आणि स्वतःवर जास्त. कारण बाईंच्या नजरेत फसवणारा मीच होतो. आणि कागदावरही मीच. ४ मार्च २०२४ पासून तिथला कायदा म्हणतो की नोंदणीकृत पत्ता ‘योग्य’ असला पाहिजे. म्हणजे तिथे पोचवलेलं पत्र कंपनीच्या वतीने काम पाहणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी रास्त अपेक्षा हवी, आणि पत्र मिळाल्याची पोच घेता आली पाहिजे. नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही. सबळ कारणाशिवाय हे पाळलं नाही तर गुन्हा कंपनीचा आणि तिच्या जबाबदार अधिकाऱ्यांचा. माझ्या कंपनीत अधिकारी एकच. कन्सल्टंटचं नाव त्या नोंदवहीत कुठेच नाही.

त्याला जाब विचारला तेव्हा तो जराही गडबडला नाही. नोंदणी त्यानेच केलेली, त्यामुळे ऑथेंटिकेशन कोड त्याच्याकडे होता. ‘फाइल ट्रान्सफर’चे १५० पौंड भरा, कोड देतो, म्हणाला. शिवाय कंपनीचा नोंदणीकृत ईमेलही त्याने स्वतःचाच टाकला होता. त्याच ४ मार्चपासून प्रत्येक नव्या कंपनीला ईमेल नोंदवावा लागतो, पण तो नोंदवहीत लोकांना दिसत नाही. त्यामुळे मलाही दिसला नाही. पत्रं जायची बाईंकडे, ईमेल जायचे त्याच्याकडे, आणि ज्याच्या नावाने सगळं चाललेलं तो मी मध्ये कोरडा.

मी पैसे दिले नाहीत, हा शहाणपणा नव्हता, हट्ट होता. त्या हट्टात महिना घालवला, ती मात्र माझीच चूक.

जानेवारीत पेमेंट कंपनीने खातं गोठवलं. कारण विचारलं तर म्हणाले, नोंदवही बघा. पाहिलं तर लंडनचा पत्ता गेलेला आणि त्या जागी कार्डिफचा, कंपनीज हाउसचा स्वतःचा डिफॉल्ट पत्ता, म्हणजे योग्य पत्ता नसलेल्या कंपनीला तात्पुरता लावला जाणारा. बाईंची तक्रार मान्य झाली होती. इथून २८ दिवसांत पुराव्यासह योग्य पत्ता द्यावा लागतो. नाही दिला तर कंपनी नोंदवहीतून काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. आणि कंपनी विसर्जित झाली की तिच्या खात्यातले पैसेसुद्धा बेवारस मालमत्ता म्हणून तिथल्या राजसत्तेकडे जमा होतात. माझ्या गोठलेल्या खात्यात २,३०० पौंड होते. ते राजाच्या तिजोरीत जाणार, या विचाराने हसू आलं, मग घाम फुटला.

सुटका झाली ती कागदाने. पत्ता बदलायचा एडी ०१ फॉर्म छापील स्वरूपात पाठवला तर ऑथेंटिकेशन कोड लागत नाही. हे मला आधी माहीत असतं तर कन्सल्टंटच्या ओलिसगिरीत काही दमच उरला नसता. या वेळी पत्ता देणारा एजंट निवडताना एचएमआरसीच्या देखरेखीखालच्या व्यवसायांची जी यादी कुणालाही ऑनलाइन पाहता येते, तिच्यात त्याचं नाव आहे का ते पाहिलं. कंपनीज हाउसच्या प्रगत शोधात त्याचा पत्ता टाकून पाहिला. शेकडो कंपन्या निघाल्या, आणि ते ठीकच होतं, त्याचा धंदाच तो. तोच शोध मी जुन्या पत्त्यावर घेतला असता, तर एका साध्या घरात एवढी कंपन्यांची जत्रा कशी, हा प्रश्न आपोआप पडला असता. शेवटी मी त्या पत्त्यावर माझ्याच कंपनीच्या नावाने सही घेऊन देण्याचं एक पत्र पाठवलं, आत कोरा कागद. दोन दिवसांनी त्या कोऱ्या कागदाचा स्कॅन मला आला. त्यानंतरच पैसे भरले. त्याने पासपोर्ट मागितला, वीजबिल मागितलं, व्हिडिओ कॉलवर चेहरा पाहिला. मी एकदाही कुरकुरलो नाही.

फॉर्म, नव्या पत्त्याचा करार आणि माझं निवेदन, तिन्ही कुरियरने गेलं. २८ पैकी २१ व्या दिवशी नवा पत्ता नोंदवहीत चढला. कोड आला, ईमेल बदलला, महिन्याभराने यूटीआर आला. आता १८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या डायरेक्टरला ओळख पटवून द्यावीच लागते, तेव्हा बिनपासपोर्टाची दुकानं काही प्रमाणात आवरतील. पण ती तपासणी माणसाची आहे. त्या दारात पडलेलं पाकीट तुमच्यापर्यंत येतं का, हे त्यात कुणी पाहत नाही.

बाईंना मी माफीचं पत्र लिहिलं, बहिणीच्या हाती पाठवलं. त्यांनी ते दारातच वाचलं आणि विचारलं, ‘बाकीच्यांचं काय करू?’ गठ्ठा तेव्हा आणखी जाड झाला होता.

१८० पौंड बुडाले ते बुडालेच. नोंदवहीतला इतिहास मात्र आपोआप पुसला जात नाही. माझ्या कंपनीच्या फाइलिंग हिस्टरीत आजही आत्ताचा पत्ता, त्याखाली कार्डिफचा, त्याखाली बाईंचा अशी रांग दिसते. गेल्या आठवड्यात एका नव्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स विभागातून ईमेल आला, मध्ये तीन आठवडे तुमची कंपनी डिफॉल्ट पत्त्यावर का होती? वर लिहिलंय तेच थोडक्यात कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही.