विंगलेस आणि आर्माडिलोच्या अँटिबॉडीज: एक डोळे मिटून घ्या, दुसरी जपून

फळमाशीच्या विंग डिस्कमध्ये (अळीतल्या, पुढे पंख बनणाऱ्या ऊतीत) विंट मार्ग (पेशींमधली निरोपांची साखळी) पाहणाऱ्यांच्या फ्रिजमध्ये अँटिबॉडीच्या दोन कुप्या हमखास सापडतात. विंगलेससाठी (निरोप देणारं प्रथिन) ४डी४ आणि आर्माडिलोसाठी (तो निरोप पेशीत पुढे नेणारं प्रथिन) एन२ ७ए१. दोन्ही माऊस मोनोक्लोनल, आयोवा विद्यापीठातल्या डेव्हलपमेंटल स्टडीज हायब्रिडोमा बँकेच्या.

४डी४ला तोड नाही. खाद्य सोडून भटकायला लागलेल्या अळ्या (२५ अंशांवर साधारण पाचवा दिवस) थंड पीबीएसमध्ये (क्षारांच्या द्रावणात) आतली बाजू बाहेर अशा उलटवा. मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड २० मिनिटं, ०.३ टक्के ट्रायटनने (डिटर्जंट) तीन धुण्या, ५ टक्के गोट सीरम अर्धा तास आणि १:१०० अँटिबॉडी ४ अंशांवर रात्रभर. पाऊचच्या (डिस्कच्या, पंखाचं पातं बनणाऱ्या भागाच्या) मधोमध दोन-तीन पेशींची रेघ आणि भोवती दोन कडी दिसायलाच हवीत. नाही दिसली, तर आधी शिळ्या पॅराफॉर्माल्डिहाइडवर संशय घ्या. (विंगलेस जनुकाचा पहिला म्युटंट आपल्याच देशातला: आर. पी. शर्मा, दिल्ली, १९७३.) पेशीबाहेरचं विंगलेस हवं असेल तर फिक्स करण्याआधी, डिटर्जंटशिवाय, बर्फावर १:३ने लावावं लागतं. एका मिलीची कुपी मग बघता बघता संपते.

एन२ ७ए१ रंगते छान, १:५०ला. अडचण प्रथिनाच्या स्वभावात आहे. बहुतेक आर्माडिलो ई-कॅडहेरिनला (पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन) धरून पेशींच्या वरच्या सांध्यांवर बसतं, सिग्नल असो वा नसो. विंगलेस आलं की ॲक्सिन, एपीसी आणि शॅगी यांचं, आर्माडिलो मोडून टाकणारं विध्वंसक संकुल थंडावतं आणि पेशीद्रवातलं आर्माडिलो साठतं. आपल्याला पाहायचं असतं ते हे. त्यामुळे कॉन्फोकलवर (थराथराने चित्र घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) सांध्यांच्या काही मायक्रॉन खाली उतरा. तिथे विंगलेसच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना फिके पट्टे सापडतात. मॅक्सिमम प्रोजेक्शन केलं (सगळे थर एकाच चित्रात आणले) की ते सांध्यांच्या झगमगाटात बुडतात, आणि मग ‘फरक नाही’ असा खोटाच निष्कर्ष निघतो. सिग्नलचा जोर मोजायला सेन्सलेस किंवा डिस्टल-लेसची (विंगलेसच्या निरोपाने चालू होणारी प्रथिनं) अँटिबॉडी बरी. सांधे पाहायला मात्र ही उत्तम.

दोन्ही माऊसच्या असल्याने एकाच डिस्कवर साध्या सेकंडरीने (माऊसच्या अँटिबॉडीला चिकटणाऱ्या रंगीत दुसऱ्या अँटिबॉडीने) वेगळ्या ओळखता येत नाहीत. ४डी४ला जोडीदार हवा तर रॅटची डीकॅड२ (ई-कॅडहेरिनची अँटिबॉडी) घ्या.

गोव्यात खरी परीक्षा साठवणुकीची. पावसात वीज जाते-येते, फ्रीझरमधला माल वितळतो, पुन्हा गोठतो, आणि अँटिबॉडी हळूहळू निकामी होते. आल्या आल्या समान ग्लिसरॉल मिसळून लहान भाग करा आणि उणे २० अंशांवर ठेवा. मिश्रण गोठतच नाही. प्रमाण मात्र निम्मं झालं, म्हणून १:१००ऐवजी १:५० धरा. १:३च्या कामाला हे ग्लिसरॉलवालं चालणार नाही. त्यासाठी कुपी वेगळी मागवा. माशांचंही तसंच: मे महिन्यात इनक्युबेटर ३० अंशांवर गेला तर नर वांझ होतात, जून-जुलैत खाद्यावर बुरशी चढते, तिथे निपाजिन आणि प्रोपिऑनिक आम्ल दोन्ही हवीत. दाटीवाटीच्या नळीतल्या अळ्यांच्या डिस्क खुरट्या असतात, त्या घेऊच नका.

ऑर्डर चवथीच्या आठवड्यात येईल अशी देऊ नका. सुट्टीत पार्सल कुठेतरी उघड्यावर पडून राहतं.