परवानग्यांची नोंदवही: गेटफॅकल आणि सेटफॅकल, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरच्या सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. घरातील सर्वांचे फोटो, साम्बाचे (नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या सेवेचे) सामायिक फोल्डर, नेक्स्टक्लाउड ही घरची क्लाउड-सेवा आणि तिच्यासाठी लागणारा पोस्टग्रेस हा डेटाबेस असा सगळा कारभार त्या एकाच यंत्रावर चालतो. गेले काही महिने या यंत्रावरील फाइलींच्या मालकीची आणि परवानग्यांची नोंद दररोज रात्री आपोआप घेतली जात आहे, आणि मधल्या काळात एकदा त्या नोंदीवरून संपूर्ण प्रणाली दुरुस्त करण्याची वेळही आली. नोंद घेते ती गेटफॅकल ही आज्ञा, आणि नोंदीबरहुकूम सर्व पूर्ववत करते ती सेटफॅकल. दोन्ही 'एसीएल' नावाच्या एकाच छोट्या पॅकेजात मिळतात.

दुरुस्तीची वेळ कशामुळे आली ते आधी सांगतो. एका अनुप्रयोगाच्या इन्स्टॉल-स्क्रिप्टमध्ये मालकी बदलणारी चोन ही आज्ञा पूर्ण फोल्डरवर, आतल्या सर्व फाइलींसह, चालवलेली होती. फोल्डरचे नाव ज्या व्हेरिएबलमधून यायचे तो रिकामा राहिला आणि मार्ग म्हणून केवळ मुळाची तिरकी रेघ (/) उरली, म्हणजे संपूर्ण फाइलप्रणालीच. फाइली पुसणारी आरएम ही आज्ञा मुळावर चालण्यास आपणहून नकार देते, पण चोन आणि परवानग्या बदलणारी चमॉड तसा नकार देत नाहीत. त्यांना 'प्रिझर्व्ह-रूट' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

अशा प्रसंगी नुकसान दुहेरी असते, आणि ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. एखाद्या प्रोग्रामची मालकी बदलली की लिनक्स त्यावरील सेटयूआयडी आणि सेटजीआयडी (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या किंवा गटाच्या अधिकाराने चालवणारी) ही बिटेही काढून टाकते, मग तो बदल रूटने, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याने, केलेला असला तरी. रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या सुडोची मालकी रूटकडून गेली आणि त्यासोबत परवानगीच्या ४७५५ या आकड्यातला सेटयूआयडीचा ४ ही गेला, त्यामुळे सुडो चालेना. वापरकर्ता बदलून देणाऱ्या एसयूची तीच गत झाली. पोस्टग्रेसने डेटा-फोल्डरची मालकी चुकीची आहे असे सांगून सुरू होण्यास नकार दिला. या बिघाडांनी निदान आवाज केला. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनने मात्र कामांच्या यादीचा, म्हणजे क्रॉनटॅबचा, मालक चुकीचा असल्याची एक ओळ लॉगमध्ये लिहून कामे थांबवली, आणि जुने लॉग आवरणाऱ्या लॉगरोटेटने स्वतःच्या सेटिंगच्या फाइली त्याच कारणावरून वगळल्या. सुडो दुरुस्त करून एखाद्याने समाधान मानले असते, तर हे मुके बिघाड फार उशिरा उघडकीस आले असते.

येथे डेबियनची एक मर्यादा सांगणे भाग आहे. फेडोरासारख्या आरपीएम-आधारित वितरणांत पॅकेजांच्या डेटाबेसमध्येच परवानग्या आणि मालकी नोंदलेली असते, आणि 'सेटपर्म्स' व 'सेटयूजीआयडीज' या पर्यायांनी ती परत बसवता येते. डेबियनचे पॅकेज-साधन डीपीकेजी अशी नोंद ठेवत नाही. पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केल्यास साध्या फाइली मूळ परवानग्यांवर येतात, परंतु /एटसीमधील सेटिंगच्या फाइलींना आणि आधीपासून असलेल्या फोल्डरांना त्याचा भरवशाचा उपयोग होत नाही. मॅकवर पूर्वी डिस्क युटिलिटीमध्ये परवानग्या दुरुस्त करण्याचे एक बटण असे, तेही २०१५ च्या एल कॅपिटनपासून काढून टाकण्यात आले. डेबियनवर तर असे बटण कधीच नव्हते, म्हणून नोंद आपली आपणच ठेवावी लागते.

गेटफॅकलची नोंद साध्या मजकुराच्या रूपात असते आणि ती डोळ्यांनी वाचता येते. सुडोचे उदाहरण घेतले तर पहिल्या ओळीत 'यूएसआर/बिन/सुडो' हा मार्ग, दुसरीत मालक रूट, तिसरीत गट रूट, चौथीत फ्लॅग म्हणून 'एस' आणि पुढे दोन आडव्या रेघा, आणि त्याखाली मालक, गट व इतर यांच्या परवानग्यांची एकेक ओळ. ही चौथी ओळ फक्त विशेष बिट असलेल्या फाइली-फोल्डरांनाच लागते. तात्पुरत्या फाइलींच्या /टीएमपी फोल्डरच्या नोंदीत तेथे दोन रेघांनंतर 'टी' दिसतो, म्हणजे १७७७ मधला स्टिकी बिट (इतरांच्या फाइली पुसू न देणारा). दोन-अडीच लाख फाइलींची नोंद दोन अंकी एमबीची होते आणि कॉम्प्रेस केल्यावर अगदी लहान उरते. घरचा बॅकअप पुष्कळ जण एक्सफॅट स्वरूपातील बाहेरच्या डिस्कवर ठेवतात, आणि एक्सफॅटमध्ये लिनक्सची मालकी व परवानग्या टिकतच नाहीत. ही मजकूर-फाइल मात्र तेथेही सुखरूप राहते. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

प्रत्यक्ष दुरुस्ती डेबियन इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरील रेस्क्यू मोडमधून केली. हा मोड सर्व्हरच्याच मूळ फाइलप्रणालीत शेल उघडून देतो, त्यामुळे नोंदीतील 'पोस्टग्रेस' किंवा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' ही नावे त्याच यंत्राच्या वापरकर्त्यांच्या यादीतून बरोबर क्रमांकांशी जुळतात. भलत्याच लाइव्ह प्रणालीतून काम केल्यास ही नावे तेथे नसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच क्रमांकाची असतील. नोंदीतील मार्ग सुरुवातीच्या तिरक्या रेघेशिवाय लिहिलेले असल्याने आधी मुळाशी जाऊन मगच 'रिस्टोअर' पर्याय चालवायचा असतो. आज्ञा चालली, मधल्या काळात पुसल्या गेलेल्या काही तात्पुरत्या फाइलींबद्दल तक्रारीच्या ओळी आल्या, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर सुडो, पोस्टग्रेस, क्रॉन सर्व जागच्या जागी होते. हाताने दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो: आधी चोन, मग चमॉड. क्रम उलटा झाला तर नुकताच बसवलेला सेटयूआयडी बिट पुन्हा निघून जातो.

उणिवा आहेत, आणि त्या आधी ठाऊक असलेल्या बऱ्या. गेटफॅकल फाइलींच्या 'कॅपॅबिलिटीज' (प्रोग्रामला रूटच्या अधिकारांपैकी नेमका एखादाच देणाऱ्या खुणा) नोंदवत नाही, आणि त्याही मालकी बदलताना निघून जातात. सर्व पूर्ववत झाल्यानंतरही एमटीआर हे जाळ्याची तपासणी करणारे साधन साध्या वापरकर्त्याला चालत नव्हते, कारण त्याच्या सोबतच्या प्रोग्रामवरील कच्च्या सॉकेटची कॅपॅबिलिटी गेली होती. ते पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केल्यावर प्रश्न सुटला. आता कॅपॅबिलिटीज दाखवणाऱ्या गेटकॅपची यादीही रोजच्या नोंदीसोबत ठेवतो. दुसरी बाब अशी की नोंद एकाच फाइलप्रणालीपुरती हवी असते. म्हणून फाइली शोधणाऱ्या फाइंडकडून 'एक्सडेव्ह' लावून यादी घ्यायची, सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) वगळायच्या, यादी क्रमाने लावायची आणि ती गेटफॅकलला द्यायची, असे मी करतो.

यादी क्रमाने लावण्याचा खटाटोप मी आधी केवळ नीटनेटकेपणासाठी केला होता, पण रोजच्या वापरात तोच सर्वाधिक कामी आला. क्रम स्थिर असल्यामुळे कालची आणि आजची नोंद डिफ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेने ताडून पाहता येते. अद्ययावतीकरणानंतर नेमके काय बदलले ते चार ओळींत कळते. एकदा बॅकअपमधून परत आणलेली टीएलएसची (जोडणी सांकेतिक करणाऱ्या पद्धतीची) खासगी किल्ली ०६४० ऐवजी ०६४४ होऊन बसली होती, म्हणजे सर्व्हरवरील कोणताही वापरकर्ता ती वाचू शकत होता. सेवा व्यवस्थित चालू असल्यामुळे एरवी ते कोणाच्या ध्यानातही आले नसते. सकाळच्या डिफमध्ये ती एकच ओळ वेगळी दिसली. केवळ /एटसीपुरती अशी देखरेख पुरेशी असेल त्यांना एटसीकीपर अधिक सोयीचे पडेल, कारण ते गिट या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनासोबत परवानग्याही सांभाळते. माझ्या सर्व्हरवर मात्र बिघाडाचा मोठा भाग /व्हार आणि /यूएसआरमध्ये होता.

नोंद जुनी असली तर पुनर्स्थापना विचारपूर्वक करावी. नोंदीनंतर आलेल्या फाइलींना सेटफॅकल हात लावत नाही, त्या बिघडलेल्या अवस्थेतच राहतात. याच कारणाने मी एकच नोंद न ठेवता अलीकडच्या अनेक नोंदी ठेवतो, आणि प्रत्येक मोठ्या अद्ययावतीकरणाच्या आधी व नंतर एकेक वेगळी घेतो. नोंदीची फाइल स्वतः ०६०० परवानगीची आणि रूटच्या मालकीची आहे, कारण यंत्रावरील प्रत्येक मार्गाची यादी तिच्यात उघड असते.