मुंबईला न्यायचं की वर्धा-नागपुरातच?

बायोप्सीच्या कागदावर कॅन्सर निघाला की गावात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "टाटाले नेऊन टाका." दुसरं वाक्य दोन दिवसांनी, जरा हलक्या आवाजात येतं, "पण नेईन कोन?" आमचं गाव यवतमाळकडच्या कळंब तालुक्यात. बाबांनी तीस वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्ला आणि गालाच्या आत जखम निघाली. ऑपरेशन मुंबईला केलं, शेक (म्हणजे रेडिएशन) इकडे घेतले. दोन्हीकडचे बाकडे झिजवलेला माणूस म्हणून हे लिहितो, डॉक्टर म्हणून नाही.

पैशाचा प्रश्न आधी बाजूला ठेवू. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार बसतात आणि योजनेतले दवाखाने मुंबईतही आहेत, इकडेही. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं लागत नाही, सोबतच्याला पाव भाडं पडतं. म्हणजे तिकिटावर काही अडत नाही.

मुंबईचं पारडं कुठे जड आहे, हे मान्य करायलाच हवं. इकडच्या डॉक्टरांना क्वचित दिसणारा आजार परळला रोजचा असतो. लहान मुलाचा कॅन्सर, रक्ताचा, हाडाचा, किंवा जबडा काढून पायाचं हाड तिथे बसवायचं असं ऑपरेशन असेल, तर मी तरी दोनदा विचार करणार नाही, विदर्भ एक्सप्रेसचं रिझर्वेशन करीन. राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटांसाठीच. आमच्या विदर्भातल्या शेंडगावच्या माणसाचं नाव दादरमध्ये पाटीवर वाचलं की जिवाला बरं वाटतं. जागा मिळेलच, असं मात्र धरून चालू नका.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. मुंबईतल्या ज्या दवाखान्यात आम्ही गेलो त्याचं नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. बाबांची शुगर उतरेना. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "पुढच्या सोमवारी या." बस, एवढंच. डॉक्टर बरोबरच होते. पण पुढच्या सोमवारपर्यंत आम्ही जायचं कुठे? गावी येऊन परत जायचं तर दोन रात्री गाडीत. थांबायचं तर खोलीचं भाडं, खानावळ, आणि तोंड उघडत नसलेल्या माणसाला तिथली पोळी. पुढच्या सोमवारी शुगर पुन्हा जास्त, वाक्य पुन्हा तेच. इकडे वावरात कापूस फुटून पांढरा झाला होता. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करायची पूजा, आईने एकटीने केली. धाकटा फोनवर म्हणे, "दादा, वेचाले बाया भेटून नाई रायल्या, अन् आभाळ आलं." मी परळच्या फुटपाथवर उभा राहून कापसाचा हिशेब करत होतो.

ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल शंका नाही. नंतर 30 शेक आणि दर आठवड्याला केमो सांगितली. शेक सोमवार ते शुक्रवार रोज, मशीनवर काही मिनिटं, सहा आठवडे. मुंबईतच घ्या, असं चार जणांनी सांगितलं. मी इकडे आणलं.

इकडे पर्याय आता बरे आहेत. सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगीचा दवाखाना, नागपुरात तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय (महाराज स्वतः 1968 साली कॅन्सरनेच गेले), आणि वर्धा रोडवर जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. टाटाच्या पुढाकाराने 2012 मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, तेव्हापासून देशभरातल्या केंद्रांनी उपचाराची पद्धत सारखी ठेवावी असा प्रयत्न आहे. त्यामुळे आमच्यासारख्या नेहमीच्या कॅन्सरला उपचार तिकडे घेतले की इकडे, याने फार फरक पडत नसावा, असं मला वाटतं. कोणी मोजून वेगळं दाखवलं तर ऐकीन.

इकडेही त्रास होतोच. आम्ही गेलो तिथे मशीन दोन दिवस बंद पडलं. रिपोर्टला वेळ लागला. आणि चौथ्या केमोला रक्तातल्या पेशींचे काउंट कमी आले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी या." तेच वाक्य! फक्त या वेळी शेक आटोपून आम्ही ऑटोने स्टँडवर आलो, यवतमाळ गाडी धरली आणि दुपारी बाबा स्वतःच्या बाजेवर पडून ताकातल्या कण्या चमच्याने खात होते. कण्या ज्वारीच्या, आईने पार गाळ शिजवलेल्या. तोंड सोललं होतं, दुसरं काही उतरत नव्हतं. मुंबईत हे कुठून आणलं असतं?

इकडच्या चारांत कोणता, हे मी फार ताणणार नाही. दवाखान्यापेक्षा तुमच्या गावाची शेवटची एसटी पाहा. आम्ही पहिल्याच दिवशी अकराची वेळ मागून घेतली. चारची मिळाली असती तर घरी पोचायला रात्र झाली असती.

ऑपरेशन तिकडे आणि शेक इकडे असं करणार असाल, तर मुंबईच्या सर्जनला आधीच सांगा. ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावे लागतात, आणि इकडचे डॉक्टर काढलेल्या गाठीचा रिपोर्ट, स्लाइड, ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) सगळं मागतात. आम्हाला हे उशिरा कळलं. ते आणायला धाकटा एकटा संध्याकाळच्या विदर्भने गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परतला. तोवर वेचणीच्या बाया दुसऱ्याच्या वावरात गेल्या होत्या.