‘९९०० एमएएच’चा सेल आणि दहा तासांचा टॉर्च : एका फसवणुकीचा अनुभव

१८६५० आकाराच्या लिथियम-आयन सेलवर ‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची साठवणक्षमता) असे छापलेले असेल, तर तो आकडा खोटा आहे, आणि एवढे कळण्यासाठी सेल विकत घेण्याचीही गरज नाही. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या या सेलमध्ये नामांकित उत्पादकांनाही साधारण ३५०० एमएएचच्या फारसे पुढे जाता आलेले नाही. मी ऑनलाइन मागवलेल्या टॉर्चसोबत असे दोन सेल आले होते, एक वापरायला आणि एक जास्तीचा. टॉर्चच्या खोक्यावर ‘१०,००० लुमेन, सलग १० तास’ असा दावा होता (लुमेन हे उजेड मोजण्याचे एकक). या प्रकारात नेमके काय खोटे असते आणि ते घरच्या घरी कसे उघड करता येते, हे तपशिलाने सांगण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

संशय आला तो एका जुन्या टॉर्चमुळे. माझ्याकडे दोन डबल-ए पेन्सिल सेलवर चालणारा, २५० लुमेनचा एक छोटा टॉर्च आहे आणि त्यात मी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे रिचार्जेबल सेल वापरतो. नवा टॉर्च पाऊण तासाच्या आतच मिणमिणू लागला, तर जुना त्यानंतरही बराच वेळ एकसारखा उजेड देत राहिला. मग दोन्ही टॉर्च बंद खोलीत छताकडे रोखून, मोबाइल एकाच जागी ठेवून, त्यातल्या प्रकाशमापक ॲपवर आकडे घेतले. या पद्धतीने खरे लुमेन कळत नाहीत, पण दोन टॉर्चमधले प्रमाण चांगले कळते. ‘दहा हजार लुमेन’चा टॉर्च सुरुवातीला जुन्याच्या जेमतेम अडीचपट उजेड देत होता, म्हणजे सहाशेच्या आसपास.

नुसत्या डोळ्यांवर विसंबले असते तर हा फरक इतका स्पष्ट दिसला नसता. प्रकाश निम्मा झाला तरी तो आपल्याला निम्मा वाटत नाही, थोडासा मंदावल्यासारखा वाटतो. असा माल खपतो त्यामागे हे एक मोठे कारण आहे, असे माझे मत आहे.

त्यानंतर खोक्यावरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा विक्रेत्याचे दोन्ही दावे परस्परांना खोटे पाडतात हे लक्षात आले. हातात धरण्याच्या टॉर्चमधला पांढरा एलईडी एका वॅटमागे साधारण शंभर ते दीडशे लुमेन देतो. शंभर धरले, तर दहा हजार लुमेनसाठी शंभर वॅट लागतील. ९९०० एमएएच हा आकडा खरा मानला, तरी ३.७ व्होल्टच्या हिशेबाने त्या सेलमध्ये सुमारे ३६ वॅट-तास ऊर्जा होते, आणि ती शंभर वॅटने वीस-बावीस मिनिटांत संपते. मग दहा तास आले कुठून? खऱ्या ३४०० एमएएचच्या सेलमध्ये तर बारा वॅट-तासच असतात, म्हणजे सात मिनिटे; शिवाय त्यासाठी एका सेलमधून सव्वीस-सत्तावीस अँपिअर प्रवाह खेचावा लागेल, जो बहुतेक १८६५० सेलना पेलवत नाही.

सेलची तपासणी मी वजनकाट्यापासून सुरू केली. चांगला १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. खोक्यातला पहिला सेल ३१ ग्रॅमचा निघाला, दुसरा ४३ ग्रॅमचा. वरचे आवरण, त्यावरचा रंग, छपाई सारे अगदी सारखे, आणि वजनात मात्र एवढी तफावत! दुसरा सेल उलटा करून उजेडात धरला, तेव्हा त्याच्या ऋण टोकाच्या पत्र्यावर चार बारीक, खरखरीत ठिपके दिसले. लॅपटॉपच्या बॅटरीत सेल एकमेकांना जोडण्यासाठी धातूची पट्टी वेल्डिंग करून बसवतात. ती ओढून काढली की असे ठिपके उरतात. म्हणजे हा सेल कुठल्या तरी बाद झालेल्या बॅटरीतून काढून नव्या आवरणात गुंडाळलेला होता. केवळ वजनावर भरवसा ठेवता येत नाही तो यासाठीच, कारण जुना झिजलेला सेलही वजनात जवळपास पुरा भरतो. क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर दोन्ही सेल पूर्ण भरून पूर्ण उतरवले, तेव्हा पहिल्याने सुमारे ११०० आणि दुसऱ्याने सुमारे १३०० एमएएच दाखवले. ओळखीच्या दुकानातून घेतलेला ३४०० एमएएचचा सेल त्याच टॉर्चमध्ये घातला, तर टॉर्च दोन तासांच्या आसपास चालला. सेल फोडून आत पाहण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. लिथियम-आयन सेल आत शॉर्ट झाला की पेट घेऊ शकतो.

हे आकडे कळवून विचारणा केल्यावर विक्रेत्याने प्रथम सांगितले की पहिल्या काही चार्जिंगनंतर क्षमता वाढत जाते. लिथियम-आयन सेलमध्ये तसे काही होत नाही. वापरागणिक क्षमता घटतच जाते. मग त्याने सांगितले की छापलेला आकडा दोन्ही सेलचा मिळून आहे. उत्तमातले उत्तम दोन सेल घेतले तरी बेरीज सात हजारांच्या आसपासच येते, हे लिहून पाठवल्यावर त्याचे उत्तर आले नाही.

पेन्सिल सेलवरच्या टॉर्चमध्ये फसगत इतकी ढोबळ नसते, पण तिथेही छापील वेळ जपून वाचावी लागते. टॉर्चसाठी २००९ पासून एएनएसआय एफएल-१ हे अमेरिकी मानक आहे. त्यानुसार उजेड मोजतात तो टॉर्च लावल्यानंतर तीस सेकंद ते दोन मिनिटांच्या दरम्यान, आणि चालण्याची वेळ धरतात ती उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. अल्कलाइन सेल दीड व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो आणि जास्त प्रवाह मागितला की त्याची क्षमता निम्म्याहूनही कमी भरते. त्यामुळे प्रखर टॉर्चमध्ये तो लवकर मंदावतो आणि पुढे कितीतरी वेळ अंधुक जळत राहतो. तो अंधुक काळही छापील वेळेत धरला जातो. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल १.२ व्होल्टचाच असला, तरी जोराच्या प्रवाहातही जवळजवळ शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवतो आणि मग एकदम बसतो. साधे झिंक-कार्बन सेल प्रखर टॉर्चसाठी निरुपयोगीच. एकदाच वापरायचे दीड व्होल्टचे लिथियम सेल महाग असले तरी कडाक्याच्या थंडीत तेच कामाला येतात.

मोठ्या डी आकाराच्या रिचार्जेबल सेलबाबतही सावध राहावे. काहींच्या आत प्रत्यक्षात डबल-ए सेलच बसवलेला असतो आणि क्षमताही तेवढीच, दोन-अडीच हजार एमएएच, असते. तो आकडा बारीक अक्षरांत खरा छापलेला असतो, पण आकार पाहून घेणारा फसतो. अस्सल डी अल्कलाइन सेल सुमारे १४० ग्रॅमचा भरतो, हे लक्षात ठेवले तर हातात घेताच शंका येते.

तक्रार शेवटी मान्य झाली ती वजनकाट्यावरचे दोन्ही सेल, वेल्डिंगचे ठिपके आणि चार्जरवरचे आकडे यांची छायाचित्रे जोडल्यावर. त्याआधी ‘टॉर्च लवकर बंद पडतो’ एवढेच लिहिले होते, तेव्हा वापरण्याच्या सूचना पाठवून प्रकरण बंद केले गेले होते. सेलचे पैसे परत मिळाले, टॉर्चचे मिळाले नाहीत. ते दोन्ही सेल टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलन केंद्रात दिले. असे सेल घरच्या कचऱ्यात टाकू नयेत आणि ‘चालतोय तोवर चालू दे’ म्हणून चार्जरवर रात्रभर तर मुळीच ठेवू नयेत.